भिंतीआडचं पाणी

शहापुरातल्या माझ्या माहेरच्या घरात नळाचा पाईप भिंतीच्या बाहेरून जायचा. जाड मातीच्या भिंतीवर लोखंडी चापांनी आवळलेला. दिवाळीला घराला रंग लागला की त्यालाही लागायचा, आणि एरवी त्याच्यावर ओली फडकी वाळत पडलेली असायची. कुठे गळायला लागला तर आधी खाली डाग पडायचा, मग बादली यायची, आणि मग पाना घेऊन कुणीतरी काका. दिसायला तो पाईप कुरूपच होता, पण तो लपवावा असं तेव्हा कुणाच्या मनात येत नव्हतं. परसात विहीर, दारात नळ आणि घरात हा एवढा एकच पाईप. लपवणार तरी काय?

आता कुठल्याही साध्या घरात पाईप मोजायला बसा. कॉर्पोरेशनची लाईन खालच्या टाकीपर्यंत, तिथून मोटरने गच्चीवर. गच्चीवरच्या टाकीतून थंड पाण्याची लाईन खाली. सोलरची गरम पाण्याची वेगळी. विहीर किंवा बोअर असेल तर तिचीही वेगळी, कारण आपल्या बेळगावात राकसकोप आणि हिडकलचं पाणी नळाला आलं तरी घरची विहीर कुणी सहसा बुजवली नाही. (१९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीतली विहीर आजही आपण काँग्रेस विहीर म्हणून दाखवतो, इतकं आपलं विहिरीवर प्रेम!) शिवाय वॉशिंग मशीन, गीझर, फिल्टर. हे सगळं जाळं भिंतीत झिरी मारून घालायचं, वरून गिलावा, गिलाव्यावर टाईल. प्लंबर विचारतो, "कन्सील करायचं ना?" आपण म्हणतो, "म्हणजे काय!" त्या क्षणापासून पाईप कुठून गेलाय हे फक्त त्या प्लंबरला आणि देवाला ठाऊक. प्लंबर पुढे गाव सोडून जातो.

गेल्या मार्चात आमच्या स्वयंपाकघरात फिल्टर बसवायला कंपनीचा मुलगा आला. बैलहोंगलकडचा, एकवीस-बावीस वर्षांचा, कन्नडशिवाय दुसरं फारसं न बोलणारा. मी कॉलेजात होते. घरात हे होते आणि अत्ती. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. गोकाककडच्या, वय अठ्ठ्याहत्तर. लग्न होऊन आले तेव्हा त्यांना 'आई' म्हणून पाहिलं, पण त्यांनी ओ दिली नाही. 'अत्ती' म्हटल्यावर लगेच वळून पाहिलं. तेव्हापासून अत्तीच.

फिल्टर सिंकच्या वर बसवायचा होता. मुलाने रीतसर विचारलं, "पैप यल्लि होगेती री?" ह्यांनी सिंकच्या उजव्या बाजूचा कॉक दाखवला आणि सांगितलं की पाणी इथून येतं, म्हणजे पाईप इकडेच असणार. मुलाने उजवी बाजू सोडली, डावीकडे पेन्सिलने खूण केली आणि सहा एम.एम.चं ड्रिल लावलं. अत्ती देवघरातून ओरडल्या, "अल्लि होडिब्याड!" पण ड्रिल मशीनच्या आवाजापुढे कुणाचं काय चालणार? टाईल फुटली, विटेची लाल भुकटी आली, आणि मग पाणी. गरम पाणी. दुपारचे दोन वाजले होते, गच्चीवर सोलर तापलेला. पोराचा हात थोडक्यात वाचला.

नंतर जी धावपळ झाली ती मी शेजारच्या अक्कांकडून ऐकली. अक्कांनी पहिलं काम केलं ते लाईटचं मेन बंद करायचं, कारण पाण्याची धार फिल्टरसाठी नुकत्याच बसवलेल्या प्लगच्या बोर्डाकडेच निघाली होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे. भिंतीतून पाणी आलं की आपण सगळे नळाच्या कॉककडे धावतो, पण भिंतीत पाण्याच्या शेजारी वायरही असते. आधी मेन, मग पाणी.

हे गच्चीवर पळाले आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आले. थंड पाणी थांबलं, भिंतीतली धार मात्र चालूच. सोलरचा हा स्वभाव पुष्कळांना माहीत नसतो. घराला जाणारी थंड पाण्याची लाईन बंद केली तरी सोलरची टाकी स्वतःचं पाणी सोडतच राहते, आणि तिला थंड पाणी पुरवणारा पाईप बहुधा वेगळा निघालेला असतो. तो बंद करावा लागतो, किंवा गरम पाणी जिथून बाहेर पडतं तिथेच व्हॉल्व्ह असावा लागतो. आमच्याकडे तिथे व्हॉल्व्ह नव्हता. शेवटी ह्यांना दुसऱ्यांदा गच्चीवर जाऊन सोलरला जाणारी थंड लाईन शोधून बंद करावी लागली. त्यानंतरही धार थोडा वेळ वाहिली आणि मग थांबली.

तोवर त्या पोराने एक शहाणपणाची गोष्ट केली होती. ड्रिलचं पातं त्याने भोकातून बाहेर काढलं होतं ते परत आत सरकवून धरून ठेवलं, वर चिंधी गुंडाळली. धार अर्ध्यावर आली. खिळा, स्क्रू किंवा पातं पाईपात घुसलेलं असेल तर पाणी बंद होईपर्यंत ते उपसायचं नाही, तेच तात्पुरतं बूच. हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

मी चार वाजता घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी नव्हतं, पण धान्याचे डबे ओट्यावर चढलेले होते, हे फोनवर कंपनीच्या माणसाशी भांडत होते, आणि तो मुलगा मागच्या दारात, पायरीवर, पाय आखडून बसला होता. अत्तींनी त्याला चहा दिला होता. तो तसाच निवत होता.

फोनवरचा माणूस आधी बेंगळुरूच्या कन्नडमध्ये बोलत होता. "नल्ली" कुठे आहे, "नल्ली" कुणी दाखवली, असं विचारत होता. हे त्याला "नळ, नळ" म्हणून सांगत होते. आपल्या भागात कन्नड बोलणाऱ्याच्या तोंडीही नळच, आणि भिंत बांधणारा मराठीत गवंडी तर कन्नडात गौंडी. पाण्यापाशी आणि भिंतीपाशी आपल्या दोन्ही भाषा फारशा भांडत नाहीत. असो. त्या माणसाचं म्हणणं दोनच वाक्यांचं होतं: भिंतीच्या आतल्या लाईनची जबाबदारी ग्राहकाची, तसं कागदावर छापलेलं आहे. आणि तुमची तक्रारच असेल तर फिटरच्या पगारातून कापून देतो.

हे म्हणाले, "कापा."

तेव्हा अत्ती स्वयंपाकघरात आल्या. आवाज चढवला नाही. मुलाकडे बोट करून आपल्या मुलाला म्हणाल्या, "अव केळिद्द. नी तोर्सिद्दी."

त्याने विचारलं होतं, तू दाखवलं होतंस. यावर बोलायला काही उरत नाही. ह्यांनी फोन ठेवला. दोन मिनिटांनी परत लावला आणि सांगितलं की मुलाने विचारूनच ड्रिल मारलं होतं, जागा आम्ही दाखवली होती, त्याच्या पगारातून काही कापायचं नाही. तसं मी संध्याकाळी कंपनीला लिहूनही पाठवलं, इंग्रजीत, कारण अशा पत्रांची भाषा तीच असते. घरातल्या माणसाला हे फार सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. दोन दिवस ते माझ्याशी जरा कमीच बोलले, जणू त्या दोन शब्दांची वाक्यं मीच अत्तींना शिकवली होती!

आता दुरुस्ती. संध्याकाळी ओळखीतल्या एकाने येऊन सांगितलं की यात एवढं काय आहे, एक जाड स्क्रू घाला, भोवती एम-सील भरा, वर पांढरा सिमेंट, काम खलास. आमचे नेहमीचे प्लंबर मामा दुसऱ्या दिवशी सकाळी आले, त्यांनी भोकात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "स्क्रू ठोकून भागतंय व्हय मॅडम? गरम पाण्याची लाईन हाय ही. दुपारी फुगतीय, रात्री आखडतीय. बूच किती दिवस टिकल?"

त्यांचं म्हणणं मला नीट समजलं ते कॉलेजात भौतिकशास्त्राच्या सरांनी कागदावर हिशेब मांडला तेव्हा. टाकी भोकापासून पाच मीटर उंच असेल तर सहा मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला साधारण दहा लिटर पाणी येऊ शकतं. पाईपची वळणं, घर्षण धरून थोडं कमी. हे दिसतं, आवाज करतं, म्हणून आपण धावतो. पण बूच बसवल्यावर एक मिलिमीटरची फट जरी राहिली, तरी तेवढ्याच उंचीवरून दिवसाला चारशे लिटरच्या आसपास पाणी भिंतीत जाईल. आवाज नाही, धार नाही. भिंत पिते. आणि ज्या भागांत २००८ पासून चोवीस तास पाण्याची योजना आली तिथे नगराच्या नळाची लाईन फुटली तर तिला रात्रीचीही विश्रांती नाही. (ही योजना तेव्हा बेळगावाबरोबर हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याच्याही काही भागांत झाली.)

म्हणून मामांनी भिंत उघडली. भोकाएवढी नाही, हातभर. मला वाटलं फार तोडताहेत. त्यांनी कारण दाखवलं. हा पाईप सीपीव्हीसीचा, फिकट पिवळा. फुटलेला तुकडा कापून काढायचा, तेवढाच नवा तुकडा घालायचा आणि दोन्ही टोकांना कपलर. पण कपलर चढवायला पाईपाचं टोक जरा बाजूला वाकवता आलं पाहिजे. भिंतीत सिमेंटने घट्ट धरलेला पाईप वाकत नाही. त्यामुळे कापलेल्या जागेच्या वर आणि खाली वीत-वीतभर पाईप मोकळा करावा लागतो. लहान भोकातून केलेला जोड वाकडा बसतो, आणि वाकडा बसलेला जोड पुढच्या उन्हाळ्यात परत भिंत फोडायला लावतो.

टाईल त्यांनी ग्राइंडरने फटीच्या रेषेवर कापली, शाबूत निघेल म्हणून. एक निघाली, एक फुटली. मग छिन्नी-हातोडी, आणि पाईप दिसू लागल्यावर छिन्नी आडवी धरून हळू. खालचे सगळे नळ उघडून पाईपातलं उरलंसुरलं पाणी काढलं. फुटका तुकडा कापला. कापलेली कड आतून-बाहेरून पॉलिशपेपरने घासली, कोरड्या फडक्याने पुसली. "ओल असली की सोल्युशन धरत न्हाई," मामा म्हणाले. सोल्युशन पाईपाला बाहेरून आणि कपलरला आतून लावलं, आत घालताना पाव फेरा फिरवला आणि श्वास रोखून धरल्यासारखं अर्धा मिनिट तसंच दाबून धरलं. सगळं मिळून चार जोड, वीस मिनिटं. त्याआधीची तोडफोड दोन तास.

मला आवडलं ते त्यापुढचं. भिंत लगेच बंद करायला ते तयार झाले नाहीत. रात्रभर पाणी सोडू नका म्हणाले. दुसऱ्या दिवशी आधी थंड पाणी सोडलं, मग सोलरचं गरम, आणि जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद दुमडून ठेवायला सांगितला. डोळ्याला थेंब दिसला नाही तरी कागद ओला होतो. दोन दिवस तो कागद मी सकाळ-संध्याकाळ पाहत होते. कागद कोरडा राहिला तेव्हा गवंडी आला. सोलरच्या तोंडाशी व्हॉल्व्हही त्याच वेळी बसवून घेतला. सामानाचा खर्च चारशेच्या आत, बाकी सगळी मजुरी. मी ती मजुरी घासाघीस न करता दिली. जो माणूस आपलं काम दोन दिवस उघडं ठेवून तपासून घेतो त्याच्याशी काय घासाघीस करायची?

घर जुनं असेल आणि पाईप जीआयचा असेल तर गोष्ट वेगळी. तो चिकटवायचा नसतो, आट्यांचा असतो, आणि भिंतीतला पाईप फिरवता येत नाही. मग जवळच्या जोडापर्यंत भिंत उघडून युनियन टाकावा लागतो. अशा वेळी मामा सांगतात की जुना पाईप भिंतीतच मरू दे, नवा बाहेरून घ्या. दिसायला वाईट, पण वाचतो.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो तो पावसाचा. बेळगावचा पाऊस असा की जून ते सप्टेंबर कुठल्याही भिंतीवर ओल दिसली तर आपण म्हणतो, पाऊस मुरतोय. मुरतही असतो. पण पावसाची ओल पाऊस गेला की महिना-दोन महिन्यांत ओसरते. जी मार्चातही हटत नाही आणि नळाच्या किंवा न्हाणीच्या जवळपास असते तिच्यावर संशय घ्यावा. सोपी परीक्षा: रात्री झोपताना सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी, टाकी भरणारी मोटर बंद ठेवावी आणि सकाळी पाहावं. टाकी न लावता थेट लाईन असेल तर हेच मीटरच्या काट्यावर कळतं.

आणि ड्रिल मारण्याआधी? नळाच्या किंवा मिक्सरच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीच नाही, दोन नळांना जोडणाऱ्या आडव्या रेषेत नाही, स्विचबोर्डाच्या वर-खाली नाही. सिंकच्या मिक्सरला गरम लाईन बहुधा डावीकडे असते, हे आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. भिंतीतलं लोखंड ओळखणारं यंत्र बाजारात मिळतं, पण ते लोखंडी पाईप दाखवतं. प्लास्टिकचा पाईप साध्या यंत्राला कळत नाही. घर बांधत असाल किंवा न्हाणी नवी करत असाल तर गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून. फुकटात होणारं काम आहे.

आमच्याकडे असे फोटो नाहीत. घर १९९६ साली मामंजींनी बांधलं, स्वयंपाकघर २०१२ साली नवं केलं. मामंजी आता नाहीत, दोन्ही वेळचे प्लंबर सापडत नाहीत. मग अत्तींना कसं माहीत होतं? मी विचारलं तर त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. २०१२ साली त्या जागी माळा होता आणि माळ्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी. झिरी मारताना सिमेंटची धूळ बरणीत गेली, आख्खं लोणचं टाकावं लागलं. "लोणचं जिथे गेलं तिथेच पाईप गेलाय" असं त्यांचं साधं गणित. पाईप घालणारी माणसं घरात आठवडा-आठवडा असायची तेव्हा त्यांना दोन वेळ चहा देणारं माणूस कोण होतं? पण भिंतीत काय आहे हे विचारायची वेळ आली की आपण कर्त्या पुरुषाला विचारतो.

रविवारी मी एक शंभरपानी वही घेऊन अत्तींच्या मागून घरभर फिरले. त्या कन्नडमध्ये सांगत होत्या, मी मराठीत लिहीत होते, भिंतींची चित्रं काढत होते. न्हाणीतली लाईन त्यांना आठवली ती लेकीच्या बाळंतपणावरून, जिन्याखालची मामंजींच्या आजारपणावरून. एका ठिकाणी त्या चुकल्या असं वाटलं, मामांनी ठोकून आवाज ऐकला तर बरोबर निघाल्या. फुटलेल्या टाईलसारखी टाईल मात्र बाजारात मिळाली नाही. तिथे आता पांढरी आहे आणि तिच्यावर नेमका फिल्टर आलाय, म्हणजे बैलहोंगलच्या त्याच मुलाने आणून बसवलाय, उजवीकडे नाही, डावीकडे नाही, खिडकीच्या बाजूला. या खेपेला त्याने ह्यांना विचारलं नाही. सरळ देवघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

वहीत एक पाईप राहिला आहे. मागच्या भिंतीतून तो विहिरीच्या जुन्या पंपाकडे जायचा असं अत्ती म्हणतात. वरचं टोक कुठे निघतं ते त्यांनाही आठवत नाही, आणि त्यात पाणी आहे की नाही ते मामाही सांगू शकले नाहीत. त्या भिंतीवर मी खडूने फुली मारून ठेवली आहे. तिथे कॅलेंडरसुद्धा लावायचं नाही असं ठरलंय.